जाईची खोड

त्या दिवशी फाल्गुनातला वारा सुटला होता. ऊन कडक होतं, पण वाऱ्यापुढं त्याचं काही चालत नव्हतं. मठाच्या अंगणात लिंबाची पिवळी पानं पडत होती. झाडून घेतलं की तेवढीच पुन्हा. बुवांनी खराटा भिंतीला टेकवून ठेवला होता आणि ते नुसते बघत बसले होते.

माझं घर मठाला लागून, मधे एकच भिंत. दुपारचं करमत नाही, म्हणून मी तिथं जाऊन बसतो. तसाच बसलो होतो.

"मारली तर काशीला जाऊन सोन्याची मांजर वाहावी लागते, ते मला ठाऊक आहे. पण बुवा, नुसती सोडून दिली तर?"

अंगणात पाऊल टाकता टाकताच अंबादासनं विचारलं. नमस्कार मागाहून केला.

"पितळेची," बुवा म्हणाले.

मला हसू आलं. अंबादासला आलं नाही.

अंबादास म्हणजे पेठेतला सोफेवाला. हातात कसब आहे, गावातल्या निम्म्या घरांत त्यानं शिवलेल्या सोफ्यावर माणसं बसतात. बुवांचा अनुग्रह घेतल्यापासून भस्म लावतो, जपाला बसतो. "राग मी जिंकला," असं चारचौघांत सांगतो. कुणी विचारलेलं नसलं तरी सांगतो.

आज त्याच्या हातात पोतं होतं. तोंड सुतळीनं बांधलेलं. पोतं मधूनच हलत होतं.

"कोण आहे?" बुवांनी विचारलं.

"जाई."

"नाव चांगलं ठेवलंय."

"बायकोनं ठेवलंय. नावच तेवढं चांगलं आहे." अंबादासनं पोतं खाली ठेवलं, पण गाठ मुठीतच धरली. "बुवा, मी लोकांना सोफे शिवून देतो आणि माझ्याच घरातल्या सोफ्याच्या चिंध्या लोंबतात! गिऱ्हाईक आलं की मी त्याच्या पुढ्यात उभा राहतो, मागचं दिसू नये म्हणून. पडदे ओरबाडले. चार्जरची वायर चावून तोडली. ते सगळं मी सहन केलं. राग येऊ दिला नाही."

"मग?"

"काल माळ तोडली. तुम्ही दिलेली. दोरा चावून तोडला, मणी घरभर झाले. पलंगाखाली आडवं पडून वेचत होतो मी."

"आणि राग?"

अंबादासनं मुठीतली गाठ आणखी आवळली.

"चप्पल फेकून मारली," तो म्हणाला. "लागली नाही."

"चप्पल चुकली म्हणून राग जिंकला, असं म्हणता येईल," बुवा म्हणाले.

...

"नदीपलीकडं सोडून येतो. तिकडं वीटभट्ट्या आहेत, उंदीर पुष्कळ. उपाशी मरणार नाही. तुम्ही फक्त हो म्हणा."

"घरात विचारलंस?"

"सगुणा काल दुपारपासून बोलत नाही. आत्ता निघताना एकच बोलली."

"काय?"

अंबादासनं पोत्याकडं बघितलं. "म्हणाली, एकटे घरी येऊ नका."

वाऱ्यानं पानांचा एक घोळका अंगणभर पळवला. बुवांनी तो थांबेपर्यंत वाट बघितली.

"गाठ सोड."

"पळून जाईल, बुवा."

"तू तरी कुठं ठेवायला निघालायस?"

अंबादासनं गाठ सोडली. मांजर बाहेर आली ती सरळ ओट्याखालच्या अंधारात घुसली. पांढरी, कानावर काळा ठिपका. नंतर नुसते डोळे दिसत राहिले.

आम्ही बसून राहिलो.

अंबादास दोनदा उठला, दोनदा बसला. "बोलावू का?"

"नको."

"तिची ही जन्माची खोड आहे, बुवा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते उगाच नाही."

"मग तिला एक खोड पाहिजे," बुवा म्हणाले.

"खोडच तर आहे तिला!"

"कुठाय? तुझ्या घरात आहे एखादं?"

अंबादास माझ्याकडं बघायला लागला. मी पानांकडं बघायला लागलो. मला तरी कुठं कळलं होतं.

बऱ्याच वेळानं मांजर बाहेर आली. आधी डोकं, मग एक पाय, मग विचार, मग बाकीची. अंगणाच्या कडेला धुनीसाठी आणलेली लाकडं रचली होती. त्यांतलं बाभळीचं एक जाड खोड भिंतीला टेकवून उभं होतं. तिनं ते हुंगलं. मागच्या पायांवर उभी राहिली. पुढचे दोन्ही पाय वर नेऊन लावले, पाठ लांबच लांब ताणली, आणि खर्र... खर्र... खर्र... सालीचा भुगा उडाला. डोळे अर्धे मिटलेले.

"बघा!" अंबादास ओरडला. "हीच! हीच तिची खोड!"

"हो. हेच." बुवा उठले, लाकडाजवळ गेले आणि त्याच्यावर थाप मारली. मांजर सरकली, पण गेली नाही. "हे घेऊन जा."

"हे? लाकूड?"

"तुझ्या सोफ्याजवळ उभं कर. दाराआड नको, माडीवर नको. ती जिथं ओरबाडते तिथंच."

"बैठकीत? येणारा जाणारा काय म्हणेल?"

"तुझ्या दारावर नाव आहे का रे, अंबादास?"

"आहे की. ग्रॅनाइटची पाटी बसवलीय. सोनेरी अक्षरं."

"येणारा जाणारा काय म्हणतो?"

"काय म्हणणार? पाटी आहे ती. घर माझं आहे, म्हणून नाव लावलं."

बुवांनी मांजरीकडं बघितलं. ती पुन्हा खोडाला लागली होती.

"तिचंही तेवढंच म्हणणं आहे," ते म्हणाले.

अंबादास उकिडवा बसला आणि खोडावरून हात फिरवायला लागला. सोफ्याचं कापड बघताना फिरवतो तसा. नखांच्या खुणा बोटानं चाचपल्या.

"साल निघून जाईल ही," तो स्वतःशीच म्हणाला. "वरनं काथ्याची दोरी गुंडाळली पाहिजे. घट्ट. नखाला धरायला बरं. आणि खाली फळी ठोकली म्हणजे हलायचं नाही..."

बोलता बोलता त्याच्या ध्यानात आलं, तसा तो थांबला.

"ते झालं," तो म्हणाला. आवाज जरा चढा केला, पण जमला नाही. "माळेचं काय? माळ तर तिनं तोडलीच ना? तिथं कुठलं खोड लावू?"

बुवा आत गेले. स्वतःची गोमुखी घेऊन आले. जपाची माळ ठेवायची ती पिशवी, जुनी, भगवा रंग उडालेली, खाली लोकरीचा गोंडा.

"बस. रोज करतोस तसा कर."

"आत्ता?"

"आत्ता."

अंबादासनं मांडी घातली, डोळे मिटले, हात गोमुखीत घातला. ओठ हलायला लागले. त्याचा जप मी पहिल्यांदाच बघत होतो. हात असा चालत होता, की जणू गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि शिलाई उरकायची आहे. खालचा गोंडा इकडून तिकडं, तिकडून इकडं.

मांजरीनं लाकूड सोडलं.

पोट जमिनीला लावून बसली. मान गोंड्याबरोबर इकडून तिकडं, तिकडून इकडं. मागचा भाग जरासा हलला, आणि झेप.

गोंडा तोंडात, चारी पाय गोमुखीला!

"ही बघा! ही बघा!" अंबादासनं डोळे उघडले आणि दुसरा हात उगारला.

बुवांनी हातानंच खुणावलं. पुन्हा कर. सावकाश.

अंबादासनं हात खाली घेतला. मांजर बाजूला केली. पुन्हा डोळे मिटले. हात आधी घाईतच होता, मग सावकाश झाला, मग आणखी सावकाश. एक मणी. थांबून दुसरा. गोंडा दोनदा झुलला आणि लोंबत राहिला.

मांजरीनं त्याच्याकडं बघितलं. वाट बघितली. मग जांभई दिली, आणि अंबादासच्या मांडीला टेकून पंजा चाटत बसली.

अंबादासनं डोळे उघडले नाहीत. त्याचे ओठ हलत होते की थरथरत होते, माझ्या म्हाताऱ्या डोळ्यांना नीट कळलं नाही.

वारा जरा पडला. पानं मात्र पडतच होती.

...

निघताना त्यानं खोड पोत्यात घातलं आणि पोतं खांद्यावर घेतलं. मांजर दुसऱ्या हातानं छातीशी धरली. तिनं सदऱ्यात नखं रोवली.

"ओचकारतीय, बुवा."

"पोत्यातनं आलीय ती. तुला धरून ठेवतीय."

अंबादास वाकून नमस्कार करायला गेला, तर दोन्ही हात अडकलेले. तसंच नुसतं डोकं वाकवलं आणि तो निघाला.

मठापुढं वाट फुटते. डावीकडं नदी, उजवीकडं पेठ. मी उठून दारात उभा राहिलो. फाट्यावर तो थांबला, तसं मी एक पाऊल पुढं टाकलं. पण त्यानं खांद्यावरचं ओझं नुसतं सारखं केलं. मग मांजरीला काहीतरी बोलला आणि पेठेकडं वळला.

मी परत येऊन बसलो. मला बरं वाटत होतं. तरी म्हाताऱ्या माणसाचं मन, शंका काढल्याशिवाय राहत नाही.

मी म्हणालो, "बुवा, सुधारेल का हो ती मांजर?"

बुवांनी खराटा हातात घेतला होता. ते थांबले, आणि मी भलतंच काही विचारल्यासारखं माझ्याकडं बघून म्हणाले,

"मांजरीला काय झालंय?"