शेवटच्या पायरीवरचं कोमट पाणी

उन्हवलीच्या कड्यावरून पांढऱ्या पायऱ्या उतरतात, परातीखाली परात मांडत जावी तशा. प्रत्येकीत पाणी साठलेलं. वरच्या पायरीतलं चटका देणारं, खालचं जेमतेम कोमट. पाहुणे पाय सोडून बसले की म्हातारे सोनूतात्या म्हणतात, "बसा, पण पाण्याला वाईट काही ऐकवू नका हां." आणि मग सांगू लागतात.

फार मागे कड्याखाली भागू राहायची. तिची लेक यसू माहेरी बाळंत झाली आणि त्याच सकाळी ओढा घरात शिरून चूल विझली. यसूला हुडहुडी भरली, दातावर दात आपटू लागले. "ऊन पाण्यानं न्हाऊ घाल, नाहीतर हातची जाईल," सुईण म्हणाली. पण बाळंतपणाचं सोयर असलेल्या घराला विस्तव देत नसत. भागू दारोदार फिरली. "सोयर फिटू दे गो, मग ने," बायका आतूनच म्हणाल्या. कळवळल्या, पण निखारा कुणी दिला नाही.

भागू कड्यावरच्या कडजाई देवीकडे धावली. सोयरात गुरव तिच्या वतीनं देवीला गाऱ्हाणं घालीना. तेव्हा तिनं लांब उभं राहून स्वतःच घातलं, "आये, माज्या लेकीला ऊन पाणी दे, कधी आटू नको देऊ." आणि जमलेल्यांनी द्यायचा "व्हय म्हाराजा" हा होकारही आपणच दिला. गाऱ्हाण्यात सगळं फोडून सांगावं लागतं. कुठं दे, एवढंच सांगायचं ती विसरली, असं सांगतात.

पाणी उसळलं ते तिच्या पायाशी, कड्यावर! कळशी भरून ती उतरली. दारात पोचेतो पाणी गार. परत चढली, परत गार. शेवटी पाण्यालाच म्हणाली, "तूच चल, बाबा."

पाणी निघालं, म्हणे. पण जरा उतरलं की निवायचं आणि निवेल तिथं अंगातला चुना टाकायचं. त्याचा पांढरा काठ व्हायचा. तो भरून ओसंडेपर्यंत पाणी अडायचं, मग पुढे पुन्हा तेच. भागू काठावर हात आपटत राहिली, "चल ना रे, चल!" तिन्हीसांजेला खालून सुईणीची हाक आली, "भागूबाय, पाणी ऱ्हाव दे आता. तान्ही पोर तेवढी वाचली."

भागू खाली उतरली. पाण्याला सांगायचा तिला धीर झाला नाही.

आजही ते उतरतंच आहे. दरसाल काठ थोडा पुढे सरकतो. गावात कुणी बाळंत झाली की न्हाणाची पहिली कळशी शेवटच्या पायरीवरून नेतात. भरताना घरातली वडीलधारी बाई वाकून पाण्याला सांगते, "यसू बरी हाय हो. सावकाश ये."