शेवटची सहा तासं

"यात जीव आहे म्हणतोस... मग तो खातो काय?"

बसलिंग अप्पांनी बाटली उजेडाकडं धरली, उलटी केली, सुलटी केली. आत मातकट पाणी हललं. बाकी काही दिसलं नाही.

समोर बसलेला मुकुंद डोईफोडे हसला. शिकलेला पोरगा. शेतीची पदवी घेतलेला, तालुक्याला स्वतःची लहानशी प्रयोगशाळा. तिथं तो जिवाणू वाढवून स्वतःच्या हातानं बाटल्या भरायचा. बियाला चोळायचं खत. तेच त्याच्याकडं डब्यात घट्टही होतं, खळीसारखं, बियाला धरून बसणारं. त्यानं सगळं नीट समजावलं. हे जिवाणू हरभऱ्याच्या मुळावर गाठी करतात, हवेतला नत्र ओढून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देतं.

"साखर," अप्पा म्हणाले. "बरं आहे की त्यांचं."

मी देवराव. अप्पांच्या मठाची झाडलोट, बैल, वैरण सगळं माझ्याकडं. त्या दिवशी ओसरीच्या कडेला पेरणीचा हरभरा निवडत बसलो होतो आणि कान अर्थातच तिकडं होते. दुसऱ्या दिवशी पेरणी होती.

अप्पांचं विचारणं काही संपेना. झोपतात का. तहान लागते का. आपसांत भांडतात का. एवढ्याशा बाटलीत कोंडल्यावर गुदमरत नाहीत का. ऐंशीच्या घरातला माणूस, पण नवं काही दिसलं की त्यांचे डोळे असे चमकतात की समोरच्याला वाटावं, आपली चेष्टा चाललीय. मुकुंदानं पहिल्या तीन प्रश्नांना हौसेनं उत्तरं दिली, चौथ्याला घड्याळ बघितलं.

मग तो मुद्द्यावर आला. आमच्या गावचा रिवाज असा, की पहिली तिफण मठाच्या रानात चालते. अप्पा चाड्यावर मूठ धरतात, म्हणजे तिफणीच्या लाकडी वाटीत पहिलं मूठभर बी सोडतात आणि मगच गाव पेरायला लागतं. मठानं जे पेरलं, जसं पेरलं, ते गाव डोळे झाकून करतं. मुकुंदाला एवढंच हवं होतं, की उद्या मठाच्या बियाला त्याची बाटली लागावी.

"गावाला सरळ का नाही देत?" अप्पांनी विचारलं.

मुकुंद म्हणाला, गेल्या वर्षी सभा घेतली होती. गावातल्या एकीनंच बाटली नेली आणि तिनं काहीतरी घोळ घातला.

ती एक म्हणजे सुंद्राबाई.

इथं मला दोन शब्द सांगावे लागतील. सुंद्राबाईच्या हाताला गुण आहे, असं आमचं गाव कित्येक वर्षं मानत आलं होतं. पेरणीच्या आदल्या दिवशी बायका सुपात बी घेऊन तिच्या दारात जायच्या. ती काही मंत्र-तंत्र करायची नाही. बियावरून नुसता हात फिरवायची आणि "जा, पेर" म्हणायची. नवरा गेल्यावर तिला गावात जो मान होता, तो त्या हाताचा होता.

गेल्या वर्षी तिनं मुकुंदाचं ऐकलं. बाटली आहे म्हणून दुसरं खत घातलं नाही. आणि तिचा हरभरा पिवळा पडला, खुरटला. गाव हसलं. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. चावडीवर कोणीतरी म्हणालं, सुंद्राच्या हाताचा गुण गेला. बोलणारा बोलून गेला, पण यंदा पेरणी उद्यावर आली तरी तिच्या दारात एकही सूप गेलं नव्हतं.

"घोळ कोणता घातला तिनं?" अप्पांनी विचारलं.

"ते मला काय माहीत, अप्पा. बाटली चांगली होती. मी तपासल्याशिवाय देत नाही."

"म्हणजे तिचंच चुकलं."

"दुसरं कोणाचं चुकणार?"

अप्पांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, मला इतक्या वर्षांत कधी कळलेलं नाही.

"तिच्या रानात बांधाकडची शेवटची सहा तासं हिरवीगार होती," ते म्हणाले.

तास म्हणजे पेरणीची ओळ. तीन फणांच्या तिफणीनं एकदा जायचं नि एकदा यायचं, की सहा झाली. मला हे ठाऊकच नव्हतं. हसायला रस्त्यावरूनच जमत होतं, बांधापर्यंत जाऊन कोण बघतो? अप्पा मात्र गेले होते. तिला विचारून त्यांनी एक झाड उपटलं होतं. मुळांना टपोऱ्या गाठी होत्या. एक गाठ नखानं फोडली तर आत गुलाबी रंग.

मुकुंद ताठ बसला. "गुलाबी? मग ती जिवंत गाठ, अप्पा. म्हणजे माझी बाटली चालली."

"सहा तासांत चालली. बाकीच्या रानात नाही. बाई तीच, बाटली तीच, दिवस तोच... मग असं का?"

मुकुंद म्हणाला, जमीन वेगळी असेल. अप्पा म्हणाले, नाही, एकच आहे. तो म्हणाला, बांधाकडं ओल जास्त असेल. अप्पा म्हणाले, उलट ती बाजू चढाची. मुकुंदानं बोटानं धुळीत तिचं रान काढलं, बांध काढला, पुसला, पुन्हा काढला. घड्याळाची आठवण त्याला राहिली नाही. पोराला विद्येची खरी आवड आहे, हे मी त्या वेळी मनोमन कबूल केलं.

बराच वेळ गेल्यावर अप्पांनी मला खूण केली. मी टोपलंभर हरभरा त्याच्यापुढं ठेवला.

"करून दाखव," अप्पा म्हणाले.

त्यानं सुरेख करून दाखवलं. पोत्यावर बी पसरलं, वरून बाटलीतलं पाणी शिंपडलं, दोन्ही हातांनी हलकं हलकं चोळलं. साल दुखवायची नाही, म्हणाला. बुरशीचं औषध लावायचंच असेल तर ते आधी, हे सगळ्यात शेवटी. दाणा न् दाणा ओला झाला. मग त्यानं पोत्याची दोन टोकं धरली आणि पोतं ओढत कडुनिंबाखाली नेलं.

"तिकडं कुठं नेतोस? ऊन इकडं आहे."

"सावलीतच वाळवायचं, अप्पा. उन्हात मरतात ते. सावलीत अर्धा तास ठेवायचं आणि लगेच पेरायचं."

"हे तिला सांगितलंस?"

मुकुंदानं पोत्याचं टोक सोडलं.

"कागदावर छापलेलं होतं," तो म्हणाला. "चौथ्या ओळीत."

"आणि तोंडानं काय सांगितलंस?"

"तोंडानं... चोळा, वाळवा, पेरा."

निवडता निवडता मी थांबलो. कारण मी पाहिलं होतं. गेल्या वर्षी सुंद्राबाईच्या घराच्या पत्र्यावर, धुतलेल्या लुगड्यावर, दिवसभर तो हरभरा पसरलेला होता. सकाळपासून ती शिडी चढायची, बियावरून हात फिरवायची, उतरायची. दसऱ्यानंतरचं ते ऊन, त्यात पत्रा तापलेला. आणि तिनं दुसरं करावं तरी काय? आमच्याकडं पापड वाळतात उन्हात, मिरची वाळते उन्हात, डाळ उन्हात, बी उन्हात. वाळव म्हटलं की बाई आधी ऊन कुठं आहे ते बघते. कोणत्याच बियासाठी तिनं एवढे कष्ट घेतले नव्हते.

मी हे बोलून दाखवलं.

"मग ती सहा तासं?" अप्पांनी विचारलं.

"विचारून येतो," मुकुंद म्हणाला. चपला त्यानं घातल्यासुद्धा होत्या. अप्पांनी मला त्याच्याबरोबर धाडलं.

सुंद्राबाई दारात शेंगा फोडत बसली होती. तिनं पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही. मुकुंदानं आडवळण घेतलं नाही, सरळच विचारलं, की मावशी, गेल्या वर्षी बांधाकडं पेरलेलं बी कुठं ठेवलं होतं.

तिला आठवायला वेळ लागला. मग ती ओशाळली. पत्र्यावर जागा पुरली नाही, म्हणाली. टोपलंभर बी आत माजघरात राहिलं, अंधारात.

"त्याला ऊन दाखवायचं राहूनच गेलं बघ. बाटलीतलं चोळलं तेवढंच, पुढं त्याला मी काहीच केलं नाही. म्हणून ते शेवटी पेरलं, बांधाला."

मुकुंदानं टाळी वाजवली. "बस, मावशी. एवढंच पाहिजे होतं." आणि तो झपाझप मठाकडं निघालासुद्धा.

मी मागं होतो. गल्लीच्या वळणावर वळून पाहिलं, तर ती हातातली शेंग तशीच धरून बसली होती. काय झालं, का विचारलं, तिला काही कळलं नव्हतं. मी परत जायला हवं होतं. गेलो नाही. मला माझं ते चावडीवरचं हसणं आठवलं आणि मी मठाकडं वळलो.

मठात मुकुंद उभ्यानंच सांगत होता. सावली, अप्पा. माजघरातली सावली. बाटली खरी होती, आता कोणी नाव ठेवू शकत नाही.

अप्पांना मनापासून आनंद झाला. टोपल्याची गोष्ट त्यांनी दोनदा सांगायला लावली.

"म्हणजे जिथं तिनं जीव लावला तिथं मेलं... आणि विसरली तिथं जगलं." ते स्वतःशीच नवल करत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तिला काय सांगितलंस?"

"कशाचं?"

अप्पा उठले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. ते काम माझं.

सकाळी सगळं गाव मठाच्या रानात जमलं. मुकुंदानं पहाटे येऊन बी चोळलं होतं आणि पोतं बांधावरच्या बाभळीखाली सावलीला पसरलं होतं. अंगात इस्त्रीचा सदरा. मी बैल जुंपले, तिफण धरली. बायका सुपं घेऊन एका बाजूला उभ्या होत्या. सुंद्राबाई त्यांच्यात नव्हती.

अप्पा आले. त्यांनी चाड्याला विभूती लावली, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला. आता ते मूठ धरतील म्हणून सगळे पुढं सरकले. त्यांनी हात उपरण्यात घेतले आणि मागं सरले.

"अप्पा, मूठ," मी म्हणालो.

"सुंद्राला बोलवा."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. बायकांत कुजबुज झाली, हाताच्या गुणाचं काहीतरी. अप्पांनी तिकडं लक्ष दिलं नाही. ते मुकुंदाकडं बघत होते.

"ती यायची नाही, अप्पा," मुकुंद हळू आवाजात म्हणाला. "माझ्या बोलावण्यानं तर नाहीच."

"का?"

एका बैलानं मान हलवली, तेवढी घंटा वाजली. मुकुंदाचे कान लाल झाले. त्यानं गावाकडं बघितलं, मग स्वतःच्या पायांकडं.

"कारण तिला अजून वाटतंय, बी तिच्या हातानं गेलं..." तो थांबला. मग जरा मोठ्यानं म्हणाला, "ते माझ्यामुळं गेलं. मी तिला सावली म्हणालोच नाही."

बायकांची कुजबुज थांबली. माझी मान खाली गेली.

"हे मला कशाला सांगतोस?" अप्पा म्हणाले. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत असावेत, असंच वाटलं.

मुकुंद काही बोलणार, तेवढ्यात त्याचं लक्ष बाभळीकडं गेलं. सावली सरकली होती. उन्हाची कड पोत्याच्या कोपऱ्याला लागली होती. तो धावला, पोतं आत ओढलं. पण बाभळीची सावली ती केवढी? जराशानं तीही जाणार होती.

"अप्पा, ऊन चढतंय," तो काकुळतीला आला. "तुम्हीच धरा मूठ. उशीर झाला तर बियावरचं सगळं मरेल."

अप्पा ढेकळावर खाली बसले.

"मग पळ तिच्याकडं."