मनातलं बीळ

धान्याच्या कणग्या माणसांहून उंच असत आणि मांजरांना वाचा होती, त्या काळातली ही गोष्ट. तळ्यावरच्या बगळ्याने एकदा चंद्री मांजरीला सुनावलं, "शेपटी कसली मिरवतेस? आधी 'मी' कोण, ते शोध!"

चंद्रीला शोधायची एकच रीत ठाऊक होती. बिळापुढे दबा धरायचा आणि बाहेर येईल त्यावर झडप घालायची. ती कणगीमागच्या नेहमीच्या बिळापुढे बसली, डोळे मिटले आणि मनातही तसंच एक बीळ केलं. त्यातून काहीतरी डोकावलं. "सापडला 'मी'!" म्हणत तिने झडप घातली. छे, ती तर दुधावरची साय! मग भूक आली, मग बगळ्याचा राग आला. उड्या मारून मारून चंद्रीला धाप लागली.

खऱ्या बिळात टिंगू उंदीर सकाळपासून अडकला होता. भुकेने कासावीस होऊन तो आतूनच ओरडला, "मावशी, काय हा धिंगाणा?"

"अरे, मनातल्या बिळातून सगळे येतात नि जातात, तो 'मी' तेवढा बाहेर येत नाही!"

"येईल कसा? तो बिळाबाहेर बसून बघतोय ना!"

चंद्री थबकली. मग तिला असं हसू फुटलं की ती गडबडा लोळत कणगीवर आदळली आणि तिथून पुन्हा लोळत परत आली. तेवढ्यात टिंगू निसटला.

"अरे थांब, तुला गुरू केलंय! पाया पडू दे!"

"लांबूनच पड, मावशी!" टिंगू पळता पळता म्हणाला.