अण्णांच्या लॅपटॉपचा राहिलेला पार्ट

“ह्याच्या चौथ्या कोपऱ्याचं रबर मिळेल की नाही, तेवढं सांगा चाचा. पण मूळचंच पाहिजे. दुसरं चालणार नाही.”

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. ते एका जुन्या रेडिओतल्या तारेला सोल्डरचा डाग देत होते. राळेचा धूर त्यांच्या पांढऱ्या दाढीतून वर चालला होता.

“कसलं रबर?”

“लॅपटॉपच्या बुडाला चार रबरी ठिपके असतात. टेबलावरून घसरू नये म्हणून. ह्याला तीनच आहेत.”

“अण्णांच्या वेळी किती होते?”

उमाकांत जरा अडखळला.

“तीनच.”

“मग डगमगत नव्हता?”

“डगमगायचा की. अण्णा आंतर्देशीय पत्राची घडी करून खाली सारायचे.”

“मग तुम्हाला अण्णांचा लॅपटॉप पाहिजे, का दुकानातला?”

उमाकांत कोरे म्हणजे सोलापूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला कॉम्प्युटरचा प्राध्यापक. पोरं त्याला टरकून असत. आणि इथं बार्शीच्या ह्या आठ बाय दहाच्या दुकानात, चौथी शिकलेल्या मिस्त्रीपुढं, दर रविवारी त्याची बोलती बंद व्हायची.

पहिल्या रविवारी तो आला होता तो ताठ मानेनं. कुठला पार्ट कुठल्या नंबरचा, कुठल्या साली बनला, सगळं तोंडपाठ. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि एक बारीक स्क्रू त्याच्या हातावर ठेवला.

“हा कुठला, सांगा.”

त्याला सांगता आला नाही. तेव्हा तो खाली बसला आणि म्हणाला, “मला शिकवा चाचा. हा मला माझ्या हातानं उभा करायचाय.”

चाचांनी शिकवलं. डाग कसा द्यायचा, बिजागरी कशी बसवायची, पट्टीसारखी वायर न तुटता कशी सोडवायची. बंद पडून राहिल्यानं आतलं एकेक खराब झालं होतं; ते पार्ट मात्र त्यानंच शोधून आणले. आठ महिने तो वेड्यासारखा हिंडला. बॅटरी पुण्याला मिळाली, पंखा हैदराबादला. स्क्रीन नांदेडच्या एका निवृत्त कारकुनाकडं, जुन्या साड्यांच्या ट्रंकेत. बायको म्हणाली, “अहो, एवढ्या खटाटोपात नवीन दोन आले असते.” तिचंही खरंच होतं.

पण नव्याचं काय करायचं? हा अण्णांचा होता.

अण्णा म्हणजे रेवणसिद्ध कोरे, खेड्यातले पोस्टमास्तर. चैत्रात गेले. गावातल्या ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांची पत्रं अण्णांनी आयुष्यभर लिहून दिली. कुणाचा नवरा पलटणीत, कुणाचा लेक गिरणीत. पोस्टाच्या कट्ट्यावर बायाबापड्या डोळे पुसत सांगायच्या आणि अण्णा खाली मान घालून लिहायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, आठवतील तेवढी पत्रं पुन्हा लिहून काढायची. माणसं गेली, पत्रं गेली, निदान मजकूर तरी राहावा.

उमाकांतनं आपला वापरून झालेला लॅपटॉप त्यांना दिला. अण्णांनी एका बोटानं टायपिंग सुरू केलं. पोस्टातला शिक्का मारल्यासारखं बटण दाबायचे, ठाप! ठाप! आई आतून हसायची. “अहो, टेबल मोडेल!” एकेचाळीस पत्रं झाली. बेचाळिसाव्याला कीबोर्डनं मान टाकली. पत्र अर्ध्यावर राहिलं.

आणि ते तसंच राहिलं.

एवढं सगळं चाचांना आठ महिन्यांत तुकड्यातुकड्यानं कळलं होतं. एक गोष्ट सोडून.

“रबर मिळंल,” चाचा म्हणाले. “पण मग पुढच्या रविवारी काय आणणार?”

“म्हणजे?”

“लॅपटॉप तीन रविवार झाले, तयार हाय. त्यातल्या पहिल्या रविवारी तुम्ही म्हणालात, बिजागरीचा आवाज पहिल्यासारखा येत न्हाई. दुसऱ्या रविवारी पंखा. आज रबर.”

उमाकांतनं लॅपटॉप उलटा करून ते तीन ठिपके पुन्हा मोजले. रस्त्यावरून भांडीवाली ओरडत गेली...

चाचांच्या दुकानाचा एक रिवाज होता, रेडिओच्या जमान्यापासूनचा. दुरुस्त झालेली वस्तू मालकानं दुकानातच बसून वापरायची आणि मगच घरी न्यायची. रेडिओ असेल तर एक अख्खं गाणं ऐकायचं. टेप असेल तर कॅसेटची एक बाजू. तेव्हा म्हणे दुकानाबाहेर बाकडं असायचं आणि गाणं संपेपर्यंत चार परकी माणसंही थांबायची. आता बाकडं गेलं, थांबणारी माणसंही गेली. रिवाज तेवढा उरला. लॅपटॉप असेल तर चार ओळी लिहायच्या.

“करंट आला म्हणजे काम झालं, असं न्हाई,” चाचा म्हणायचे.

तीन रविवार उमाकांत त्या चार ओळी टाळत होता. चाचांनी ते कधीच ओळखलं होतं.

“बसा,” त्यांनी रेडिओ बाजूला सारला. “आज लिहा. मग रबराचं बघू.”

उमाकांत बसला. झाकण उघडलं. पडदा उजळला. अण्णांनी ठेवलेलं चित्र आलं, गावच्या पोस्टाच्या लाल पेटीचं. त्यानं मराठी सुरू केलं. कोऱ्या पानावर ती उभी रेघ लुकलुकू लागली.

हात काही उचलेनात.

“काय लिहू?”

“मला काय विचारता? कॉलेजात शिकवता न्हवं!”

उमाकांतनं बोटं बटणांपर्यंत नेली आणि मागं घेतली.

“जमत न्हाई?”

“नाही जमत.”

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला.

“हा कीबोर्ड कुठं मिळाला म्हणालात?”

“हुबळीला. भंगारात.”

“शोधायला किती दिवस लागले?”

“दोन.”

“आन् अण्णा कधीपासनं मागत होते?”

झालं. जी एक गोष्ट त्यानं सांगितली नव्हती, तिच्यावरच चाचांनी बोट ठेवलं. त्याचा चेहरा उतरला.

“दोन वर्षं... फोन केला की विचारायचे. उमा, कीबोर्डचं काय झालं रे? मी म्हणायचो, अण्णा, फार जुना आहे तो, आता पार्टच मिळत नाहीत. नवीन घेऊन देतो. ते म्हणायचे, नको, ह्याची सवय झालीय.”

“मग शोधला होता?”

“नाही. कधीच नाही शोधला.”

हे तोंडातून बाहेर पडलं आणि त्याला इतकी लाज वाटली की त्यानं झाकण खाली ओढलं. आठ महिने हिंडला, गावंच्या गावं पालथी घातली, ते ह्या एका वाक्याच्या पायी. पार्ट मिळत नाहीत! बोलायला काय लागतं. दोन वर्षं म्हातारा अर्ध्या पत्रापाशी बसून राहिला आणि तसाच गेला.

“चाचा, आता सगळे पार्ट मिळाले हो. एक ना एक मिळाला,” तो म्हणाला.

चाचांनी ना पाठीवर हात ठेवला, ना चार समजुतीचे शब्द सांगितले. लुंगीला हात पुसले, आपलं स्टूल ओढलं, त्याच्या शेजारी येऊन बसले आणि झाकण पुन्हा उघडलं.

“सरका जरा. मला शिकवा.”

“काय?”

“ह्याच्यावर लिहायला. माझं नाव लिहायचंय.”

“तुम्हाला येत नाही?”

“हजारभर कीबोर्ड बदलले असतील ह्या हातांनी. लिहिलं एकावर बी न्हाई. कोण शिकवणार? गिऱ्हाईक चार ओळी लिहितं, आपली वस्तू घेतं आन् जातं.”

उमाकांतला क्षणभर वाटलं, चाचा आपली गंमत करतायत. पण ते खरोखरच बोट उगारून बसले होते.

“बरं. पहिलं अक्षर द. हे बटण.”

आता गंमत बघा. ज्या हातानं केसाएवढी तार न थरथरता डागली असती, त्या हाताचं बोट तापल्या तव्याला लावावं तसं बिचकत खाली गेलं. टेकलं आणि टेकलेलंच राहिलं.

ददददददददद.

“उचला, उचला बोट!” उमाकांतनं ते पुसलं. “नुसतं टेकवायचं आणि सोडायचं. हं, पुन्हा.”

दददददददददददद.

“दाबून नका धरू चाचा. सोडायचं लगेच.”

ह्या वेळी चाचा इतके घाबरले की बोट शेजारच्याच बटणावर पडलं. भलतंच अक्षर उमटलं.

“ते नाही. त्याच्या अलीकडचं. अलीकडचं... अहो, तेही नाही.”

पुन्हा पुसलं. पुन्हा चुकलं. उमाकांतनं घड्याळाकडं पाहिलं. सोलापूरची गाडी सुटायची वेळ होत आली होती. त्यानं चाचांचं बोट धरून बटणावर ठेवलं, आपला हात काढला आणि पुन्हा अख्खी ओळ ‘द’नं भरून गेली.

“अहो, किती वेळा सांगायचं! एवढं साधं कळत नाही का तुम्हाला!”

चाचांचं बोट हवेतच थांबलं.

आपला हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. ते शब्दही. गावच्या घरातली सोप्यावरची दुपार, हाच लॅपटॉप, खाली पत्राची घडी, शेजारी धोतर सावरून बसलेले अण्णा. ‘किती वेळा सांगायचं अण्णा!’ अशाच पट्टीत, असंच घड्याळाकडं बघून. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“चाचा... माफ करा. चुकून गेलं तोंडातून.”

चाचा रागावले नव्हते. त्यांचं बोट अजून बटणावर तरंगत होतं.

“अण्णांना बी असंच म्हणायचात?”

“...हो.”

“एखाद्या वेळी?”

“नाही. जेव्हा जेव्हा गावी जायचो तेव्हा.”

“मग अण्णा काय करायचे?”

उमाकांतनं डोळे मिटले. अण्णा कधी चिडल्याचं त्याला आठवेना. उभ्या गावाचं रडगाणं खाली मान घालून ऐकलेला माणूस तो, पोराच्या ओरडण्यानं काय चिडणार! ते चष्मा काढायचे, धोतराच्या सोग्यानं पुसायचे, पुन्हा डोळ्यांवर चढवायचे आणि आपली खुर्ची जराशी पुढं घ्यायचे.

“आन् म्हणायचे काय?”

त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यानं ते पुसलंही नाही.

“म्हणायचे... चिडू नको बाळा. परत एकदा सांग.”

चाचांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. स्टूल जरासं पुढं ओढलं.

“मग सांगा की. परत एकदा.”