लाल गुंजा आणि गढूळ पाणी

एका तळ्याकाठच्या गावात एक मोठा दगडी कट्टा होता. संध्याकाळी कामं आटपली की सगळं गाव तिथे जमायचं. ज्याला काही सांगायचं असेल त्याने कट्ट्यावर चढायचं, बाकीच्यांनी खाली बसून ऐकायचं, एवढाच नियम. कुणाची गाय व्याली, कुठल्या रानात करवंदं पिकली, खोकल्यावर कुठला पाला उकळायचा, असं काहीबाही लोक सांगत. मध्येच कुणीतरी विचारायचं, "पण पाला ओला घ्यायचा की वाळलेला?" मग त्यावरच अर्धी संध्याकाळ जायची.

त्या गावात एक रंगारीण राहायची. ती सूत रंगवून विकायची. स्वभावाने इतकी बुजरी, की कट्ट्यावर चढली तरी पदराचं टोक बोटाला गुंडाळत, खाली बघत बोलायची. पण डाळिंबाच्या सालीतून पिवळा रंग कसा काढायचा आणि तो उन्हात विटू नये म्हणून काय करायचं, हे तिच्याइतकं नीट कुणी सांगत नसे. तिला एकच गोष्ट हवी होती, तांब्याचा मोठा हंडा. मातीच्या मडक्यात रंग उकळताना मडकं तडकायचं आणि सगळी मेहनत चुलीत जायची.

एके दिवशी गावात एक व्यापारी आला. तळ्याच्या बांधाखाली सपाट जागा पाहून त्याने तंबू ठोकला. तंबूत कापड, बांगड्या, गूळ, भांडी होती, आणि अगदी दारात तांब्याचा एक नवा हंडा होता. त्यात येणाऱ्या-जाणाऱ्याचं तोंड दिसत होतं. रंगारीण त्याच्यासमोरून मुद्दाम दोनदा गेली.

संध्याकाळी व्यापारी कट्ट्यापाशी आला. "एवढं छान बोलता, आणि तेही फुकट?" तो म्हणाला. त्याने घरटी एक टोपली वाटली आणि प्रत्येकाच्या हातावर मूठभर लाल गुंजा ठेवल्या. "रोज अशी मूठ मिळेल. ज्याचं बोलणं आवडेल त्याच्या टोपलीत गुंजा टाका. साठलेल्या गुंजा आणा आणि माझ्याकडचा माल न्या. शिवाय ज्याची मूठ रिकामी होईल, त्याला गुळाचा खडा!"

"यात तुझा काय फायदा रे?" म्हाताऱ्या नावाडीआजोबांनी विचारलं.

"गर्दी जमली की माल खपतो, आजोबा. मी काही लपवत नाही."

सुरुवातीला मजा आली. कधी तोंड न उघडणारी माणसंही बोलायला लागली. गवळणीने नासलेल्या दुधाचं काय करायचं ते सांगितलं आणि गुंजा देऊन मुलीला बांगड्या घेतल्या. रंगारणीच्या टोपलीतही थोड्या गुंजा पडल्या.

"हंड्याला किती?" तिने हळूच विचारलं.

"शिगोशीग टोपली," व्यापारी म्हणाला.

हळूहळू गावाला युक्त्या कळल्या. लांबलचक सांगितलं की लोक कंटाळतात, म्हणून सगळे थोडक्यात बोलू लागले. मग नुसतीच एकमेकांची स्तुती करू लागले. कुंभार तर उघडच म्हणायचा, "तू माझ्या टोपलीत टाक, मी तुझ्या टोपलीत टाकतो." बोलणाऱ्याचं पहिलं वाक्य संपायच्या आत लोक "वा, वा!" म्हणून गुंजा टाकत आणि गुळाच्या रांगेत उभे राहत. प्रश्न कुणीच विचारेना. पाला ओला की वाळलेला, कुणाला पडली होती?

रंगारीणही तेच शिकली. रंगाची कृती सांगायची सोडून ती म्हणू लागली, "आपल्या गावासारखं गाव नाही!" आणि टोपली भरत चालली. आता फक्त वरची शीग राहिली होती.

पावसाळा सरत आला होता. तळं काठोकाठ भरलं होतं. बांधाच्या पायथ्याशी एका जागी पाण्याचा बारीक पाझर होता. पाणी इतकं स्वच्छ, की रंगारीण पांढरं सूत तिथेच धुवायची. त्या दिवशी तिने सूत पाझरात बुडवलं, पिळून वर काढलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. सूत मातकट झालं होतं. तिने पुन्हा धुतलं. आणखीच मातकट झालं.

ती वाकून बघत राहिली. पाझर रुंद झाला होता. पाण्यासोबत बारीक, पिवळसर माती बाहेर येत होती. बाहेर येणारी माती बांधाच्या पोटातलीच असणार! ओलं सूत तिथेच टाकून ती कट्ट्याकडे पळाली.

कट्टा भरलेला होता. तिची पाळी आली तशी ती चढली. आज तिने पदराला हात लावला नाही.

"बांधाच्या पाझरातून माती येतेय," ती म्हणाली. "बांध आतून पोखरला गेलाय. आत्ताच्या आत्ता..."

"वा, वा! क्या बात है!" खालून आवाज उठले. गुंजांचा पाऊस पडला. टोपली भरली, शीग चढली, गुंजा दगडावर सांडल्या. तिच्या बोलण्याला इतक्या गुंजा आजवर कधीच पडल्या नव्हत्या. लोक उठले आणि गुळाच्या रांगेकडे वळले. कुंभार तर पुढच्या पाळीसाठी घसा साफ करत कट्ट्याची पायरी चढूही लागला.

व्यापारी पुढे आला. "पोरी, जमलं की तुझं! चल, घेऊन टाक हंडा. उद्यावर ठेवू नकोस, गवळणीचाही डोळा आहे त्याच्यावर."

रंगारणीने टोपलीकडे पाहिलं. कितीतरी तडकलेली मडकी तिच्या डोळ्यांपुढून गेली. मग तिने टोपली कमरेवर घेतली आणि ती तंबूकडे न जाता थेट गुळाच्या रांगेत शिरली.

"ही तुमची गुंज," ती गवळणीला म्हणाली. "मी काय बोलले ते सांगा, मगच टाका."

"अगं, किती छान बोललीस! मला तर रडूच आलं."

"पण काय बोलले?"

"ते आता नेमकं आठवत नाही बाई."

रंगारीण पायरीवरच्या कुंभाराकडे वळली. "दादा, तुम्ही सांगा."

"सुताचं काहीतरी होतं ना?" कुंभार डोकं खाजवत म्हणाला. "आणि हे परत करायचं काय खूळ काढलंस? तुझ्या टोपलीत टाकलं, संपलं!"

रांगेतले लोक हसू लागले. रंगारणीचा चेहरा लाल झाला, कान तापले. एरवी ती अशा वेळी घरी पळाली असती. आज ती पुन्हा कट्ट्यावर चढली आणि तिने टोपली उपडी केली. गुंजा खडखड करत पायऱ्यांवरून खाली घरंगळल्या. हसणं थांबलं.

"अगं, हंडा!" व्यापारी ओरडला.

"बांध फुटतोय," ती मोठ्याने म्हणाली. "मला गुंजा नकोत. टोपल्या हव्यात, माती वाहायला. आणि तुम्ही सगळे हवेत."

मग मागून नावाडीआजोबांचा आवाज आला. "परवा मी हेच सांगत होतो. पाणी गढूळ झालंय म्हणालो, तर सगळे वा वा म्हणाले. तूही म्हणालीस, पोरी."

रंगारणीने मान खाली घातली. "म्हणाले, आजोबा. माझी मूठ तेव्हा गुळासाठी रिकामी होत होती."

"मला वाटलं आजोबा, तुमच्या घरच्या पाणचट ताकाचं चाललंय," गवळण पुटपुटली. पण पुटपुटता पुटपुटता तिने आपली टोपली उपडी केली होती.

मग एकेक टोपली रिकामी होऊ लागली. कुणी सहज केली, कुणी डोळे मिटून. कुंभार सर्वांत शेवटी उठला, पण त्याने मळून ठेवलेला चिकणमातीचा सगळा ढीग देऊन टाकला. आजोबांनी नाव तळ्यात घातली आणि बांबूने बांध चाचपत आतलं भोक शोधलं. पेंढा आणि चिकणमातीचे गोळे त्यात ठोसले. काहींनी सांडवा मोकळा करून पाणी उतरवलं, बाकीच्यांनी पायथ्याशी दगडमाती रचली. व्यापारीही घामाघूम होऊन टोपल्या वाहत होता. बांध फुटला असता तर सगळ्यांत आधी त्याचाच तंबू वाहून गेला असता. मशालींच्या उजेडात काम चाललं आणि मध्यरात्र उलटली तेव्हा पाझर पुन्हा करंगळीएवढा झाला होता.

दुसऱ्या दिवशी व्यापारी विखुरलेल्या गुंजा गोळा करत होता. रंगारीणही वेचायला बसली.

"म्हणजे आता गुंजा बंद?" त्याने विचारलं.

"बंद कशाला? मला हंडा हवाच आहे," ती म्हणाली. "फक्त गुंज टाकायच्या आधी बोलणाऱ्याला काहीतरी विचारायचं. आणि मूठ रिकामी झाल्याचा गूळ बंद."

व्यापाऱ्याने तोंड वाकडं केलं. "असं केलं तर गुंजा कमी पडतील गं."

"पडू देत."

गुंजा खरंच कमी पडू लागल्या. पण लोक कट्ट्यावर जास्त वेळ बसू लागले आणि उठताना तंबूत डोकावून जाऊ लागले, तशी व्यापाऱ्याची कुरकुर थांबली. तो हंडा शेवटी गवळणीने नेला. रंगारणीला दुसरा हंडा मिळायला पुढचा पावसाळा उजाडावा लागला. तोवर ती मडक्यातच रंग उकळत राहिली आणि डाळिंबाच्या सालींविषयी पहिल्यासारखं सविस्तर सांगत राहिली.

नवा नियम सुरू झाला त्या संध्याकाळी सर्वांत आधी नावाडीआजोबा कट्ट्यावर चढले होते. त्यांचं बोलणं संपलं तरी रंगारणीने मूठ उघडली नाही.

"आजोबा," तिने विचारलं, "आज पाझराचं पाणी कसं आहे?"

"स्वच्छ आहे, पोरी. तुझं सूत धुऊन बघ."

मग तिने त्यांच्या टोपलीत एक गुंज टाकली.

तात्पर्य: चार माणसांत बसून कमवायला हरकत नाही, पण कमाईच्या नादात त्यांचं ऐकणं सोडलं, तर आपली हाक ऐकायलाही कुणी उरत नाही.