दाराबाहेरचा क्रूस

वसईकडच्या एका गावातली ही गोष्ट, घरांची दारं दिवसभर उघडी असत तेव्हाची. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आग्नेसबाईंनी माडाच्या पातीचा क्रूस विणला आणि दाराबाहेर खिळ्याला टांगला. "हे घर मीच राखतो," असं तो अंगणातल्या खराट्याला ऐटीत सांगायचा.

वर्ष सरत आलं. एके दिवशी आग्नेसबाई लेकीला म्हणाल्या, "परवा राखेचा बुधवार. फादरांनी त्या राखेसाठी जुने क्रूस जाळायला मागितलेत. आपलाही नेऊन दे."

तेव्हापासून क्रूसाला चैन पडेना. वारा आला तरी तो दचके. "मला जाळणार? मग या घराचं कसं व्हायचं?"

"घराची काळजी, की स्वतःची?" खराट्याने विचारलं.

लेकीने क्रूस काढायला हात घातला, तर तो खिळा सोडेना. ओढल्यावर त्याचं एक टोक तिथेच राहिलं.

बुधवारी आग्नेसबाई चर्चमधल्या मिस्साहून परतल्या. त्यांच्या कपाळावर फादरांनी राखेने काढलेला क्रूस होता.

खराटा चपापला. "अरे, तूच का हा? तू तर जळालास ना?"

"जळालो," राख म्हणाली. "वर्षभर दाराबाहेर टांगलेला होतो. आज पहिल्यांदा घरात चाललोय."