तिर्साचे कान उडाले तेव्हा

एकदा काय झालं, शनिवारी दुपारी बरोबर सव्वाचार वाजता तिर्साचे कान उडाले.

घाबरू नका, रक्तबिक्त आलं नाही. नुसते उडाले.

तर एक होतं बोरखेडी नावाचं गाव. गावाच्या कडेला कौलारू चर्च आणि चर्चमागं माणूस बुडेल एवढी उंच ज्वारी. दुसऱ्या दिवशी कापणीचा सण होता. म्हणजे शेतातलं पहिलं पीक आधी देवाला द्यायचं, मग आपण खायचं. म्हणून तिर्साची आई सलोमी दारात बसून कणसांचं तोरण बांधत होती.

आई म्हणाली, "तिर्से, ओबेदाला घे गं."

ओबेद तिर्साचा भाऊ. नुकता चालायला लागला होता, म्हणजे पळायलाच. तर तिर्सानं काय करावं? दोन्ही कानांत दोन बोटं घातली.

"तिर्से, ऐकलंस का?"

बोटं आणखी आत.

"बाई गं, कान आहेत की भिंतीतले कोनाडे?" आई तिसऱ्यांदा म्हणाली. मग ओबेदाला तिच्यापुढं बसवलं आणि तोरण घेऊन चर्चकडं गेली.

तिर्सानं बोटं काढली. तेव्हा उजवा कान डाव्याला म्हणाला, "चल रे. इथं आपलं काय काम?" आणि फुर्र. कानांची झाली दोन फुलपाखरं, गव्हाच्या रंगाची, आणि गेली अंगणाबाहेर.

आधी तिर्साला फार मजा वाटली. कोंबडीनं अंडं घातलं, चोच उघडली, मिटली, आवाजच नाही. म्हैस ओरडली ती जांभई दिल्यासारखी. शेजारच्या मार्थामावशी कुणाशी तरी भांडत होत्या, पण दिसत होत्या गाणं म्हटल्यासारख्या. तिर्सा हसून हसून लोळली. मग वळून बघते, तर ओबेद नाही.

धुळीत त्याची इवली पावलं उमटली होती आणि ती सरळ ज्वारीत गेली होती.

ज्वारीत डोळ्यांचा काही उपयोग नसतो बरं का. पुढचं धाट तेवढं दिसतं. तिथं मूल शोधायचं ते कानांनीच. आणि ज्वारीच्या पलीकडं होती विहीर, बिनकठड्याची. पुढचं माझ्यानं बोलवत नाही.

मग तिर्सा कानांमागं धावली. ते बसले होते म्हशीच्या शिंगावर. "इकडं या म्हणते ना," ती ओरडली. कान उडाले. मग बसले जास्वंदीवर. "सोन्याचे डूल घालीन," ती म्हणाली. कानांना डुलांचा मोह फार, ते जरा थबकले. पण उडालेच. मग जाऊन बसले चर्चच्या घंटेवर.

घंटेखाली गमलिएलकाका होते. घंटा तेच वाजवायचे, आणि त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. अशांना कुणी हसायचं नाही हं. देव त्यांच्याशी दुसऱ्या वाटेनं बोलतो. काकांनी दोर धरला की घंटा त्यांच्या तळहातात वाजायची.

तिर्साचं तोंड बघूनच काकांना सगळं कळलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, मग छातीवर हात ठेवला, मग वर आभाळाकडं बघितलं.

तिर्सा खाली बसली. मनातच म्हणाली, "प्रभू येशू, कान तू केलेस आणि मी बुजवून ठेवले. चुकले. मला माझा ओबेद ऐकू दे." मग गप्प राहिली. अगदी आतून गप्प.

तेवढ्यात गालांना गुदगुल्या झाल्या. कान आपापल्या जागी येऊन बसले होते.

मग काय काय ऐकू आलं म्हणता. मधमाशांची गुणगुण, कौलांवरची पारव्यांची घूं घूं, ज्वारीची सळसळ. देवानं रोज एवढं वाढून ठेवलं होतं, आणि हिनं ताटच पालथं घातलं होतं.

पण ज्वारीच्या बांधावर एकच कल्लोळ. आईनं रिकामं अंगण पाहिलं होतं आणि सगळं गाव जमलं होतं. चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली होती. बोरखेडीची रीत अशी, की प्रार्थना करायची ती सगळ्यांनी एकदम, मोठ्यानं, बेंबीच्या देठापासून. बाप्ये गरजत होते, बाया रडत होत्या, मधेच कुणी "ओबेदा, ओबेदा" हाका मारत होतं. देवाला ऐकू गेलंच असेल. पण ओबेदाचं कुणाला ऐकू जाणार?

तिर्सानं पाळकसाहेबांचा सदरा ओढला. "पाळकसाहेब, आता थोडं देवाला बोलू द्या ना."

मार्थामावशी म्हणाल्या, "बघा, आईचं ऐकत नाही ती आपल्याला शिकवतेय."

पाळकसाहेब तिर्साकडं वळले. मग त्यांना हसू आलं. "पोर बरोबर बोलते. आमेन, मंडळी. आता चिडीचूप."

सगळे गप्प झाले. आईनं तर श्वास धरून ठेवला.

मग ज्वारीच्या पोटातून बारीक आवाज आला. "ओ."

हाक मारली की ओ द्यायची, एवढंच ओबेदाला येत होतं. केव्हाचा देत होता बिचारा.

तिर्सा आवाजाच्या मागं मागं गेली. जरा चालायची, जरा थांबायची, कान द्यायची. शेवटी दिसला. विहिरीच्या अगदी अलीकडं, तितराच्या पिल्लांत बसला होता, तोंडभर माती. ताईला बघून म्हणाला, "ओ."

आईनं दोघांना एकदमच उचललं. रागवायचं ठरवलं होतं तिनं, पण विसरली.

मग दुसऱ्या दिवशी सण झाला. ढोलकी वाजली, गाणी झाली, सगळ्यांनी पोटभर खाल्लं आणि सगळी सुखानं नांदली. आजही बोरखेडीत प्रार्थना संपली की लगेच कुणी उठत नाही. जरा थांबतात. देवाला काही सांगायचं असलं तर.

चला, पांघरूण घ्या. आणि कानात काडी, पेन्सिल काही घालायचं नाही, आत्ताच सांगून ठेवते. सकाळी उठलात की ही गोष्ट शेजारच्या पोरांना सांगा. त्यांना म्हणावं, तुम्हीही पुढं सांगा.